पाण्याचा इंजिनियर पंतप्रधान झाला, मग पुढे? (हैलेमरियम देसालेन, इथिओपिया)

निळी_नदी

निवडणुका जवळ आल्या की "वर एखादा शिकलेला, इंजिनियर वगैरे माणूस हवा" हे वाक्य कुठून ना कुठून येतंच. त्यावर नुसतं हवेत भांडण्यापेक्षा एक खरं उदाहरण तपासून बघू.

हैलेमरियम देसालेन, जन्म १९६५, दक्षिण इथिओपियातला वोलायता भाग. १९८८ मध्ये अदिस अबाबा विद्यापीठातून स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी. नंतर अरबा मिंचच्या जलतंत्रज्ञान संस्थेत अध्यापन. फिनलंडमधल्या ताम्पेरेच्या तंत्रविद्यापीठातून सॅनिटेशन इंजिनियरिंगमध्ये पदव्युत्तर शिक्षण. परतल्यावर त्याच संस्थेत डीन. शिकवणं आणि प्रशासन मिळून १३ वर्षं तिथे. २००१ ते २००६ दक्षिणेकडच्या राज्याचे अध्यक्ष (आपल्या हिशेबात मुख्यमंत्री). २०१० मध्ये उपपंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री. २० ऑगस्ट २०१२ ला तेव्हाचे पंतप्रधान मेलेस झेनावी वारले आणि २१ सप्टेंबरला यांनी शपथ घेतली. १५ फेब्रुवारी २०१८ ला स्वतःहून राजीनामा दिला, २ एप्रिलला अबिय अहमद आले.

इथिओपियात राष्ट्राध्यक्ष नामधारी असतो, कारभार पंतप्रधानाच्या हातात. म्हणजे साडेपाच वर्षं पाणी-सांडपाण्याचा इंजिनियर १० कोटींच्या देशाचा कारभारी होता. त्याच काळात निळ्या नाईलवर ग्रँड इथिओपियन रेनेसाँ हे आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं जलविद्युत धरण बांधलं जात होतं. त्यांच्या इंजिनियर असण्याचा नेमका कुठे उपयोग झाला आणि कुठे नाही, एवढाच प्रश्न आहे. चरित्र नको, तपशील द्या.

चहाटळ

म्हणजे पाणीपुरवठा खात्याचा माणूस थेट पंतप्रधान! एक दिवसाआड मंत्रिमंडळ बैठक, तीही कमी दाबाने.

खडकवासला_गेट

आपल्याकडे असं म्हटलं की विश्वेश्वरय्यांचं नाव निघतं. पुण्यात शिकले, मुंबई इलाख्यात नोकरी केली, खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले आणि १९१२ मध्ये म्हैसूरचे दिवाण झाले. पण त्यांच्या पाठीशी महाराजा होता. दिवाणाला मतं मागावी लागत नाहीत. त्यामुळे तुलना करायची तर आधी हैलेमरियम यांच्या पाठीशी कोण होतं ते सांगा.

वर्षा_अदिस

आधी एक दुरुस्ती, कारण पुढच्या प्रतिसादांत "देसालेन म्हणाले" सुरू होणारच. इथिओपियात आडनाव नसतं. स्वतःचं नाव आणि मागे वडिलांचं नाव. नुसतं "देसालेन" म्हटलं तर त्यांच्या वडिलांबद्दल बोलल्यासारखं होतं. मेलेस, हैलेमरियम, अबिय असंच म्हणायचं. "हैले" म्हणजे शक्ती, हैलेमरियम म्हणजे मरियमची शक्ती. नाव असं ऑर्थॉडॉक्स वळणाचं, माणूस मात्र पेंटेकोस्टल पंथाचा.

दुसरं, तिकडे आपल्या "डॉ."सारखं "इंजिनियर" हे नावापुढे लावतात. धरणाचे प्रकल्पप्रमुख सिमेन्यू बेकेले यांना सगळा देश "इंजिनियर सिमेन्यू" म्हणत असे.

@खडकवासला_गेट, पाठीशी कोण याचं उत्तर जरा लांब आहे. सत्ताधारी आघाडीत चार पक्ष होते: तिग्राय, अम्हारा, ओरोमो आणि दक्षिणेचा. लष्कर, गुप्तचर आणि आघाडीची नाडी तिग्रायच्या पक्षाकडे, कारण १९९१ चं युद्ध त्यांनी जिंकलेलं. हैलेमरियम चौथ्या पक्षाचे. दक्षिणेच्या त्या राज्यात पन्नासच्या आसपास भाषिक गट, म्हणजे एकगठ्ठा मतपेढी कुठेच नाही. ते लढाईत नव्हते, वर्गात होते. वर आले तेही एका गोंधळानंतर. १९९९ मध्ये वोलायता, गामो, गोफा आणि दावरो या चार जवळच्या भाषा मिसळून "वोगागोदा" नावाची एकच शालेय भाषा तयार केली आणि त्यात पाठ्यपुस्तकं छापली. वोलायतात दंगल झाली, पुस्तकं मागे घ्यावी लागली, २००० मध्ये वोलायता वेगळा विभाग झाला. २००१ मध्ये आघाडी आतून फुटली, दक्षिणेतले जुने अध्यक्ष हटवले गेले आणि अरबा मिंचचे डीन त्या खुर्चीत बसले.

चहाटळ

चार बोलींची मिसळ करून एक प्रमाणभाषा! आपल्याकडे कोणी वऱ्हाडी, मालवणी, अहिराणी आणि पुणेरी मिसळून पुस्तक छापलं तर पुस्तकाआधी छापखाना जळेल.

गाळ_आणि_घाण

सॅनिटेशन इंजिनियरिंग म्हणजे धरणं नव्हेत हे आधी स्पष्ट करूया. या विषयात संडास, विहीर, हातपंप, गटार आणि सांडपाण्याची तळी शिकवतात. उष्ण देशात सांडपाण्याचा स्वस्त उपाय म्हणजे एकापुढे एक तीन तळी. पहिलं २ ते ५ मीटर खोल, त्यात प्राणवायू नसतो आणि गाळ बसतो. दुसरं साधारण दीड मीटर, वर शेवाळ आणि खाली कुजणं. तिसरं मीटरभर खोल, तिथे उन्हाने जंतू मरतात. वीज लागत नाही. बिघडतं कसं? पहिल्या तळ्यातला गाळ काही वर्षांनी उपसायचा असतो आणि तो कोणी उपसत नाही. मग तळं उथळ होतं, घाण पुढच्या तळ्यात सरकते, काठावर गवत वाढून डास होतात आणि शेवटी "ही पद्धतच वाईट" म्हणून मोकळे होतात. अदिस अबाबात कालिती इथे अशीच तळी होती.

त्यांच्या विषयाचा थेट ठसा शोधायचा तर धरणात नको, २०१३ मध्ये सुरू झालेल्या "वन वॉश" कार्यक्रमात शोधा. पाणी, आरोग्य, शिक्षण आणि अर्थ अशा चार मंत्रालयांनी एकच योजना, एकच अंदाजपत्रक आणि एकच अहवाल चालवायचा करार केला. त्याआधी शाळेत संडास एक खातं बांधायचं, पाणी दुसरं आणायचं आणि दोघांची वर्षं जुळायची नाहीत. पाण्याविना संडास वापरला जात नाही, मग तिथे शेळ्या बांधतात. देणगीदारांचे पैसे एका खात्यात ओतणं हे काम दिसायला बारीक आहे, पण त्यासाठी वरचा माणूस या विषयातला असावा लागतो.

बोअरवेल_बाबुराव

हातपंपाचा विषय निघालाच आहे तर महाराष्ट्राचा खरा धागा इथे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या मंडळींनी विहिरींसाठी मजबूत पोलादी पंप बनवले. त्या सोलापूर पंपावरून पुढे "इंडिया मार्क २" तयार झाला आणि तो आफ्रिकेत गेला. इथिओपियातही खोल विहिरींवर तो बसवतात. उथळ विहिरींवर "आफ्रिदेव्ह".

दोघांतला फरक महत्त्वाचा. आफ्रिदेव्हचा उभा पाइप पीव्हीसीचा, सुमारे ४५ मीटरपर्यंत चालतो. रबरी सील गावातल्या बाईलाही दोन पान्यांनी बदलता येतं. मार्क २ त्याहून खोल जातो, पण पाइप गॅल्व्हनाइज्ड लोखंडाचा. वॉशर गेला की अख्खी पाइपलाइन वर ओढावी लागते आणि त्यासाठी तिपाई, क्लॅम्प आणि चार-पाच माणसं लागतात. ही टोळी तालुक्याच्या गावी. म्हणून दहा रुपयांच्या वॉशरपायी पंप सहा महिने बंद. मार्क ३ मध्ये पाइप रुंद केला, आता पिस्टन आणि तळाची झडप पाइप न काढता वर येते. वर पाणी आम्लधर्मी असेल तर लोखंडी पाइप दोन-चार वर्षांत सडतो, पाणी तांबडं येतं आणि बाया पुन्हा ओढ्यावर जातात.

"इतके पंप बसवले" हा आकडा कोणीही वाचून दाखवतो. खरा आकडा असतो "आज किती चालू".

निळी_नदी

@बोअरवेल_बाबुराव, जालना-सोलापूरचं माहीत नव्हतं, वा! आता कोणीतरी धरणावर या.

टीएमसी_मोजणारा

आलो. आधी आकडे आपल्या मापात. धरणाची साठवण ७४ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे २,६१३ टीएमसी. कोयना १०५ टीएमसी. म्हणजे पंचवीस कोयना एका भांड्यात. मुख्य भिंत १४५ मीटर उंच आणि पावणेदोन किलोमीटर लांब. जागा बेनिशांगुल-गुमुझमधलं गुबा, सुदानच्या सीमेलगत. शिवाय बाजूच्या खिंडीत पाच किलोमीटर लांबीची, ५० मीटर उंच दगडभरावाची दुसरी भिंत. ती का? मुख्य भिंत उंच केली की पाणी बाजूच्या सखल खिंडीतून पळून जाईल म्हणून. या दुसऱ्या भिंतीशिवाय तलावाचा वरचा मोठा हिस्सा भरताच येत नाही. म्हणून इजिप्तच्या अभियंत्यांचे सर्वात जास्त प्रश्न मुख्य भिंतीपेक्षा हिच्याबद्दल होते.

आता विजेचं गणित. निळ्या नाईलचा तिथला वार्षिक प्रवाह सुमारे ४९ अब्ज घनमीटर, म्हणजे सरासरी सेकंदाला साधारण १,५५० घनमीटर. पडण्याची उंची १३३ मीटर धरा, कार्यक्षमता ९० टक्के. ९.८१ × १,५५० × १३३ × ०.९ म्हणजे साधारण १,८०० मेगावॉट. ही बारमाही सरासरी. वर्षाला जवळजवळ १६,००० गिगावॉट-तास. मग स्थापित क्षमता ५,२५०, ६,०००, ६,४५० अशी का वाढवत नेली? यंत्रं जास्त बसवली म्हणून नदीत पाणी वाढत नाही, फक्त गर्दीच्या तासांत जोरात चालवता येतं. शेवटी १३ यंत्रं आणि ५,१५० मेगावॉटवर आले (४०० ची अकरा, ३७५ ची दोन). तरीही भारांक (सरासरी वीज भागिले स्थापित क्षमता) पस्तीस टक्क्यांच्या आसपास. इथे पंतप्रधान पाण्याचा इंजिनियर होता म्हणून आकडा खाली आला असता तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. तसं झालं नाही. ६,४५० हा फुगीर आकडा त्यांच्याच कारकिर्दीतला.

घाटघर

@टीएमसी_मोजणारा, आकडे बरोबर, शेवटचं वाक्य जरा कडक. क्षमता हा राजकीय आकडा होता. जागतिक बँकेचं कर्ज नाही. लोकांना रोखे विकायचे, सरकारी नोकरांनी महिन्याचा पगार द्यायचा, आणि मग सांगणार की आम्ही क्षमता कमी करतोय?

बांधकामाबद्दल थोडं. भिंत रोलरने दाबलेल्या काँक्रीटची, सुमारे एक कोटी घनमीटर. आपल्याकडे हे तंत्र आधी घाटघरला वापरलं. सिमेंट कमी, मिश्रण इतकं कोरडं की त्यावर रोलर चालतो. डंपरने टाकायचं, डोझरने पसरायचं, तीस-चाळीस सेंटीमीटरचा थर दाबायचा. मुख्य शत्रू दोन. एक, उष्णता: सिमेंट मुरताना तापतं, आतला गाभा गरम आणि बाहेरचा थंड झाला की तडा. गुबाला पारा चाळीशी ओलांडतो, तिथे मिश्रणाचं तापमान खाली ठेवावंच लागतं, त्यासाठी बर्फ आणि गार केलेली खडी. दोन, सांधा: खालचा थर वाळून कडक झाल्यावर वरचा पडला तर दोन्ही चिकटत नाहीत आणि तिथून पाणी झिरपतं. उशीर झाला तर मध्ये मॉर्टरचा हात द्यावा लागतो. म्हणून हे काम थांबत-थांबत करता येत नाही.

आणि थांबलं ते नेमकं दुसऱ्याच कारणाने, त्यावर कोणी लिहील का?

वर्षा_अदिस

लिहिते. स्थापत्याचं काम इटालियन सालिनी कंपनीकडे होतं. यंत्रं, दरवाजे आणि पोलादी नळ यांचं काम मेटेककडे, म्हणजे लष्कराच्या अखत्यारीतल्या सरकारी महामंडळाकडे. हा निर्णय मेलेस यांच्या काळातला. देशात अवजड उद्योग उभा राहावा हा हेतू वाईट नव्हता, पण टर्बाइनचे पोलादी नळ काँक्रीटच्या पोटातून जातात. ते वेळेवर आले नाहीत तर त्या भागातलं काँक्रीट वर नेता येत नाही. तळाचे दरवाजे नसतील तर पाणी अडवताच येत नाही, कारण खाली सुदानला सोडायचं कसं? म्हणजे एका कंत्राटदाराच्या उशिराने दुसराही अडकतो आणि नुकसानभरपाई मागतो. ऑगस्ट २०१८ मध्ये अबिय यांनी जाहीरच सांगितलं की एकही टर्बाइन चालू झालेलं नाही, आणि मेटेकचं कंत्राट काढून घेतलं. नोव्हेंबरमध्ये तिचे माजी प्रमुख अटकेत.

हैलेमरियम यांना हे कळत नव्हतं का? अरबा मिंचचा डीन होता तो माणूस. कळत असणारच. पण लष्कर ज्या पक्षाच्या मुठीत, त्या लष्कराच्या महामंडळाला हात लावण्याइतकं वजन त्यांच्याकडे नव्हतं. शपथेनंतर दोन-अडीच महिन्यांत उपपंतप्रधान तीन झाले, अम्हारा, ओरोमो आणि तिग्राय अशा प्रत्येक पक्षाला एक, आणि खाती त्यांच्यात गटागटाने वाटली. अर्थ आणि वित्ताचा गट तिग्रायच्या देब्रेत्सियोन यांच्याकडे.

उसाचा_फड

मेटेकचं नाव निघालं म्हणून आलो. साखर कारखानेही त्यांच्याच माथी मारले होते. ओमो खोऱ्यात हजारो हेक्टर ऊस लावला आणि कारखाना अर्धवट. साखरपट्ट्यातल्या वाचकाला पुढचं सांगायला नको, तरी लिहितो. ऊस बारा-चौदा महिन्यांत पक्व होतो. पुढे उभा ठेवला की कांड्या पोकळ, तुरा येतो आणि उतारा घसरतो. तोडला तर चोवीस तासांत गाळला पाहिजे, नाहीतर साखरेचं रूपांतर होऊन रस आंबतो. म्हणजे आधी चाचणी गाळप, मग बॉयलर, मग त्या हिशेबाने लागवड, असं उलटं मोजत यायचं असतं. तिथे लागवड आधी झाली. तेंदाहो, फिन्चा आणि वोंजी-शोआ या कारखान्यांसाठी भारताच्या एक्झिम बँकेचं ६४ कोटी डॉलरचं कर्ज होतं, ते २००७ चं, म्हणजे यांच्या आधीचं.

चहाटळ

चेअरमन कोण होते? आमचे एक-दोन तिकडे पाठवता आले असते. परत नाही मागणार.

तीन_पायांची_शर्यत

सगळे विसरताय की समोरच्या बाजूलाही इंजिनियरच होते. इजिप्तमध्ये ऑगस्ट २०१२ ते जुलै २०१३ पंतप्रधान होते हिशाम कंदील. ते सिंचन अभियंता, अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात पीएच.डी., आफ्रिकन विकास बँकेत जलसंपदेचं काम, मग सिंचनमंत्री. त्यांच्या वरचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी हेही साहित्यशास्त्राचे अभियंता, कॅलिफोर्नियात पीएच.डी. त्याआधी २०११ चे पंतप्रधान इसाम शरफ हे रस्ते-वाहतुकीचे, परड्यूचे. एक नदी, दोन देश, ढीगभर इंजिनियर.

आणि झालं काय? मोर्सी आफ्रिकी संघाच्या परिषदेसाठी अदिस अबाबाला जाऊन परतले आणि लगेच २८ मे २०१३ ला इथिओपियाने नदीचा प्रवाह वळवला. ३ जूनला कैरोत सर्वपक्षीय बैठक झाली, ती थेट प्रक्षेपित होतेय हे काही नेत्यांना ठाऊकच नव्हतं. धरण पाडायच्या, बंडखोरांना मदत करायच्या सूचना अख्ख्या जगाने ऐकल्या. दहा दिवसांत इथिओपियाच्या संसदेने नाईल खोऱ्याचा नवा करार मंजूर केला, तोही जवळजवळ एकमुखाने. तांत्रिक समितीचा अहवाल त्याच आठवड्यात आला होता. त्यात बाजूच्या भिंतीचा पाया आणि खालच्या देशांवरचा परिणाम यावर आणखी अभ्यास करा असं होतं. तो बाजूलाच राहिला.

टीएमसी_मोजणारा

अगदी. पण इथेच शरफ यांचा एक मुद्दा राहतो. मे २०११ मध्ये ते अदिस अबाबाला गेले, मेलेस यांनी कराराची मंजुरी लांबवली आणि दहा जणांची तज्ज्ञ समिती ठरली: तिन्ही देशांचे दोन-दोन आणि बाहेरचे चार. तांत्रिक भाषा येणारी माणसं दोन्हीकडे होती म्हणून एवढं तरी झालं.

मूळ भांडण आकड्यांचंच आहे. १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५, सुदानला १८.५ आणि बाष्पीभवनाला १० अब्ज घनमीटर. बेरीज ८४, म्हणजे अख्खी नदी वाटून टाकली. जिथून बहुतेक पाणी येतं त्या इथिओपियाच्या नावावर शून्य! नाशिक-नगरला बोलावलं नाही आणि जायकवाडीने सगळी गोदावरी स्वतःच्या नावावर करून घेतली, असं समजा.

घाटघर

जायकवाडीचं नाव काढू नका, धागा ५०० प्रतिसादांवर जाईल.

टीएमसी_मोजणारा

:) गप्प बसतो. फक्त एक. २३ मार्च २०१५ ला खार्तुमला हैलेमरियम, इजिप्तचे सिसी आणि सुदानचे बशीर यांनी दहा तत्त्वांवर सही केली. त्यात पहिल्या भरण्याचे नियम मिळून ठरवायचे होते. माझ्या मते त्यांच्या कारकिर्दीतला इंजिनियरपणा दिसतो तो इथे. भांडण "धरण हवं की नको" वरून "किती वर्षांत भरायचं" वर आलं. निळ्या नाईलचं ऐंशी टक्क्यांवर पाणी जून ते सप्टेंबरात येतं. सगळं अडवलं तर दीड वर्षात धरण भरेल आणि इजिप्त कोरडा. दर पावसाळ्यात थोडं अडवलं, मधला भाग बुटका ठेवून वरून पाणी जाऊ दिलं आणि उन्हाळ्यात भिंत वाढवली, तर चार-पाच वर्षांत भरतं आणि इजिप्तच्या अस्वान धरणाचा साठा मधला फरक झेलतो. पुढे २०२० पासून झालं ते साधारण असंच, पहिल्या वर्षी ४.९ अब्ज घनमीटर. नियमांवर मात्र सही झाली नाही ती नाहीच.

गाळ_आणि_घाण

धरण-धरण करताना खरी परीक्षा राहिलीय. सॅनिटेशन इंजिनियर पंतप्रधान असताना राजधानीचा कचराडेपो कोसळून ११० हून अधिक माणसं गेली. ११ मार्च २०१७, कोशे. अम्हारिकमध्ये कोशे म्हणजे घाणच. साठच्या दशकापासूनचा उघडा ढीग, पायथ्याला घरं आणि कचरावेचक.

ढीग का कोसळतो? ओला कचरा वर्गवारी न करता ओतला, रोज दाबला नाही, वर मातीचा थर नाही. पावसाचं पाणी मुरतं, खाली निचऱ्याचे पाइप नाहीत, त्यामुळे पोटात पाण्याचा दाब वाढतो. कुजून वायू होतो, त्याला बाहेर पडायला नळ्या नाहीत. दाब वाढला की कणांमधलं घर्षण कमी होतं. त्यात उतार उभा. शास्त्र सांगतं एक उंचीला तीन लांबी एवढा सौम्य ठेवा, प्रत्यक्षात डंपर कडेलाच रिकामा करतो. मग एके रात्री सगळं घसरतं.

आणि हे टाळायची योजना होती! शहराबाहेर सेंदाफाला शास्त्रशुद्ध भरावभूमी बांधली, २०१६ च्या सुरुवातीला चालू केली. काही महिन्यांतच तिथल्या ओरोमो शेतकऱ्यांनी ती बंद पाडली. गाड्या पुन्हा कोशेला. पुढच्या मार्चमध्ये ढीग पडला. कोशेलगतच कचऱ्यापासून वीज करणारा रेपी प्रकल्प उभा राहत होता, दिवसाला १,४०० टन जाळण्याचा. तो २०१८ मध्ये सुरू झाला, तोवर हे पंतप्रधान नव्हते.

फुरसुंगी_फाटा

उरुळी देवाची आणि फुरसुंगीकरांना हा परिच्छेद वाचून दाखवा, ते म्हणतील यात नवीन काय. दुसऱ्याच्या शिवारात आपला कचरा शास्त्रशुद्ध असला तरी कचराच.

वर्षा_अदिस

@फुरसुंगी_फाटा, तेवढंच नाही. सेंदाफाच्या लोकांचा राग कचऱ्यापेक्षा मोठा होता. अदिस अबाबा चारही बाजूंनी ओरोमियाने वेढलेलं आहे. शहर आणि भोवतालचा ओरोमिया यांचा एकत्रित विकास आराखडा आला तेव्हा एप्रिल २०१४ मध्ये विद्यार्थी रस्त्यावर आले, नोव्हेंबर २०१५ पासून पुन्हा. जानेवारी २०१६ मध्ये आराखडा मागे घेतला, पण तोवर प्रश्न आराखड्याचा उरला नव्हता.

जमीन सरकारची, शेतकऱ्याकडे फक्त वहिवाट. तेव्हाच्या, २००५ च्या कायद्यानुसार भरपाई म्हणजे मागच्या पाच वर्षांच्या सरासरी वार्षिक उत्पन्नाच्या दहापट. जमिनीची किंमत शून्य, कारण ती त्याची नाहीच. तीच जमीन पुढे नगरपालिका लिलावात भाडेपट्ट्याने देते. मधला फरक कोणाच्या खिशात जातो हे शेतकऱ्याला बांधावरून दिसतं. त्यात २०१५ च्या निवडणुकीत संसदेच्या ५४७ पैकी ५४७ जागा सत्ताधारी आणि मित्रपक्षांना. तक्रार मांडायला एकही विरोधी खासदार नाही, मग ती रस्त्यावर येते. २ ऑक्टोबर २०१६ ला बिशोफ्तूत ओरोमोंच्या इरेचा सणात अश्रुधूर आणि चेंगराचेंगरी, सरकारी आकडा ५५. आठवड्याभरात आणीबाणी.

खडकवासला_गेट

मग उत्तर मिळालं ना? महाराजा नव्हता.

रुळावर_आणा

सहमत नाही. इतकंही बिचारं करू नका त्यांना. आणीबाणीवर सही त्यांची, पत्रकार आणि विरोधक तुरुंगात त्यांच्याच काळात. आणि प्रकल्प उरकायची घाई ही इंजिनियर लोकांचीच सवय. इरेचानंतर तीनच दिवसांनी, ५ ऑक्टोबर २०१६ ला, अदिस-जिबूती रेल्वेचं उद्घाटन केलं. साडेसातशे किलोमीटर, विजेवर चालणारी, खर्च चार अब्ज डॉलरच्या घरात, बहुतेक चिनी कर्ज. प्रवासी-मालाची नियमित वाहतूक सुरू व्हायला जानेवारी २०१८ उजाडलं. कर्ज डॉलरमध्ये, कमाई बिर या तिथल्या चलनात, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये बिरचं १५ टक्के अवमूल्यन. हप्ता तिथेच फुगला.

शहरातली हलकी रेल्वे २०१५ ची. ३४ किलोमीटर, ४७.५ कोटी डॉलर. तिकीट इतकं स्वस्त की देखभाल निघत नाही. चाकं झिजतात, बदलायची तर सुटे भाग चीनमधून, त्यासाठी डॉलर हवे, डॉलर नाहीत. मग एक गाडी मोडून दुसरीला भाग लावायचे. ४१ गाड्यांनी सुरुवात झाली आणि काही वर्षांत बहुतेक डेपोत उभ्या. बाबुराव वर म्हणाले तो हातपंपाच्या वॉशरचाच प्रकार, फक्त वॉशर महाग.

बोअरवेल_बाबुराव

+१. आणि रेल्वेला तिपाई पण मोठी लागते.

गाळ_आणि_घाण

@रुळावर_आणा, आणीबाणीचा मुद्दा मान्य. रेल्वेच्या बाजूने एक: २०१५-१६ च्या एल निनो दुष्काळात एक कोटीहून जास्त लोकांना अन्नमदत लागत होती, तेव्हा उद्घाटनाआधीच या रुळांवर डिझेल इंजिन लावून जिबूतीहून धान्य आणलं. १९८४ च्या भीषण दुष्काळाची पुनरावृत्ती झाली नाही.

निळी_नदी

मूळ प्रश्नाकडे येतो. मला वाटतं एक गोष्ट राहिली: जाणं. आधुनिक इथिओपियात सत्तेवरचा माणूस एकतर पदच्युत झाला, पळाला किंवा पदावर असताना वारला. हे पहिले, ज्यांनी स्वतःहून खुर्ची सोडली. कारण सांगितलं ते असं की सुधारणांच्या मार्गात मी अडथळा नको, तोडग्याचा भाग व्हावा. आधी जानेवारीत राजकीय कैद्यांच्या सुटकेची आणि माएकेलावी हे छळासाठी कुप्रसिद्ध तुरुंग बंद करायची घोषणा. भार पेलत नाही असं दिसलं की पूल वाहतुकीला बंद करायचा, हे मला तरी इंजिनियराचं लक्षण वाटतं.

रुळावर_आणा

दुसऱ्याच दिवशी परत आणीबाणी लागली. पूल बंद केला की लोकांनी पोहत जायचं?

वर्षा_अदिस

दोघंही बरोबर आहात, म्हणून मी चहा करायला जाते.

चहाटळ

जाता जाता: ते धरण शेवटी झालं का? २०१७ मध्ये होणार होतं ना?

टीएमसी_मोजणारा

९ सप्टेंबर २०२५ ला उद्घाटन.

वर्षा_अदिस

चहा राहू दे. @चहाटळ, इथिओपियाची दिनदर्शिका आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे. वर्षाच्या शेवटी पागुमे नावाचा पाच (लीप वर्षी सहा) दिवसांचा तेरावा महिना असतो. ९ सप्टेंबर २०२५ म्हणजे त्यांच्याकडे पागुमेची ४ तारीख, साल २०१७.

चहाटळ

म्हणजे वेळेत झालं की! आमच्या ठेकेदारांना ही दिनदर्शिका कोणी दाखवू नका.